काम झालं, पण आणखी काय झालं?

मराठीत एक शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. तो म्हणजे 'दुष्परिणाम'. इंग्रजीतल्या 'साइड इफेक्ट'ला आपण हा प्रतिशब्द घेतला आणि नकळत एक निकालही देऊन टाकला, की बाजूने जे होतं ते वाईटच असतं. उर्दूत 'असर' म्हणतात. असर चांगला असेल, वाईट असेल, शब्द स्वतः काही सांगत नाही. साइड इफेक्टचा मूळ अर्थही तेवढाच आहे. जे करायला निघालो त्याच्या शेजारी आणखी जे घडलं, ते. आज मला या शेजारच्या परिणामांविषयी बोलायचं आहे. ते तपासायची युक्ती माणूस कशी शिकला, त्याचा थोडा इतिहास सांगायचा आहे. या इतिहासाचं एक टोक इंग्लंडमधल्या केंब्रिजला आहे आणि दुसरं आपल्या गडचिरोलीच्या जंगलात.

हा विषय माझ्याकडे दोन दारांनी आला. पहिलं दार गझलेचं. गझल लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, की शेराच्या पहिल्या ओळीतला एक शब्द बदलला आणि अर्थ हवा तसा नेमका झाला, म्हणून काम संपत नाही. वृत्त मोडलं का, काफिया जागेवर आहे का, दुसऱ्या ओळीशी जोडलेला धागा सुटला का, हे सगळं पुन्हा म्हणून पाहावं लागतं. दुरुस्ती एका ठिकाणी असते, हादरा भलत्याच ठिकाणी बसतो.

दुसरं दार माझ्या भाच्याचं. तो चंद्रपूरला शिकला, इंजिनिअर झाला आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. मी बी.ए. झालेला माणूस. कॉम्प्युटरशी माझा संबंध मराठी टाइप करण्यापुरता. ईदला घरी आला तेव्हा मी त्याला विचारलं, "बेटा, तू दिवसभर नेमकं तपासतोस तरी काय?"

तो म्हणाला, "मामू, समजा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ५०० रुपये पाठवले. तिकडे ५०० जमा झाले. तुम्ही म्हणाल, काम झालं. माझं काम तिथून सुरू होतं."

मग त्याने बोटांवर मोजून दाखवलं. पाठवणाऱ्याच्या खात्यातून बरोबर ५०० च गेले का? ज्याचा या व्यवहाराशी काही संबंध नाही, अशा तिसऱ्या माणसाचं खातं जसंच्या तसं आहे का? नोंद एकच पडली की दोन? मोबाइलवर संदेश एकदाच गेला का? आणि खात्यात पैसे पुरेसे नव्हते म्हणून यंत्राने व्यवहार नाकारला, तर नाकारताना त्याने कुठे काही हलवलं तर नाही ना?

हा शेवटचा प्रश्न मला फार आवडला. 'नाही' म्हणतानासुद्धा यंत्र काहीतरी करून बसू शकतं. माणसंही करतातच.

प्रोग्रॅममध्ये कामाचे छोटे छोटे तुकडे असतात. असा एखादा तुकडा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते एक. आणि उत्तर देता देता तो बाहेरच्या जगाला हात लावतो, फाइलमध्ये लिहितो, शिल्लक बदलतो, निरोप धाडतो, ते दुसरं. या दुसऱ्याला ती मंडळी साइड इफेक्ट म्हणतात. त्यातले बरेचसे हवेच असतात. पैसे पाठवणं हाच मुळी एक साइड इफेक्ट आहे. प्रश्न एवढाच, की हवे होते तेवढेच झाले का.

हे पाहण्यासाठी तपासणारा छोटी छोटी वाक्यं लिहून ठेवतो. त्यांना असर्शन म्हणतात. आपण मराठीत 'ठाम विधान' म्हणू. 'या घडीला या खात्यात १,५०० रुपये असलेच पाहिजेत', हे एक ठाम विधान. ते खरं निघालं तर चाचणी पुढे सरकते, खोटं निघालं तर तिथेच थांबून ओरडते. यात एक गोम आहे. 'तिसऱ्याच्या खात्यात काहीही बदललेलं नाही' असं ठाम विधान करायचं असेल, तर काम सुरू होण्याआधी तिथे काय होतं, ते लिहून ठेवलेलं असावं लागतं. आधीची नोंद नसेल, तर काही बिघडलं नाही हे कुणीच सिद्ध करू शकत नाही आणि काही बिघडलं हेही नाही. माझ्या आजच्या बोलण्याचं सार या एका गोष्टीत आहे.

आता थोडं मागे जाऊ. ही ठाम विधानं कॉम्प्युटरइतकीच जुनी आहेत. १९४७ साली हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन न्यूमन या दोघांनी अमेरिकेत प्रोग्रॅम कसे रचावेत यावर जो अहवाल लिहिला, त्यातल्या आकृत्यांमध्ये कामाच्या चौकटींशेजारी ठाम विधानांच्या वेगळ्या चौकटी होत्या. 'इथे पोचल्यावर हे खरं असलं पाहिजे', एवढंच त्यात लिहायचं. त्या चौकटीत काही काम होत नसे.

दोन वर्षांनी, जून १९४९ मध्ये, केंब्रिजला एक परिषद भरली. तिथे अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी एक अगदी छोटा निबंध वाचला. छापील तीन पानांचा. मोठा प्रोग्रॅम बरोबर आहे हे तपासायचं कसं, हा त्याचा विषय. त्यांनी दिलेलं उदाहरण आपल्या प्राथमिक शाळेतलं आहे. मोठमोठ्या आकड्यांची बेरीज करून फक्त उत्तर समोर ठेवलं, तर तपासणाऱ्याला अख्खी बेरीज पहिल्यापासून करावी लागते. पण प्रत्येक रकान्याचा हातचा लिहून ठेवलेला असेल, तर एकेक रकाना स्वतंत्रपणे तपासता येतो. चार माणसं चार रकाने वाटून घेऊ शकतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेही असेच मधले हातचे लिहून द्यावेत, असं ट्यूरिंग यांचं सांगणं होतं. आपले गुरुजी हातचा वर लिहायला लावायचे आणि आपल्याला तो मनातल्या मनात ठेवायची घाई असायची. ती घाई फक्त शाळेतल्या पोरांपुरती नव्हती, असं दिसतं.

पुढची पायरी १९६९ ची. जॉन मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज हे दोघे यंत्राला विचार करायला शिकवता येईल का, याची मांडणी करत होते. त्यांनी एक साधा प्रसंग घेतला. एका माणसाला दुसऱ्याशी फोनवर बोलायचं आहे. त्याच्याकडे फोन आहे. तो डिरेक्टरीत नंबर पाहतो आणि फोन लावतो. हे तर्काने सिद्ध करताना ते अडले. कारण नंबर पाहून झाल्यावरही त्या माणसाकडे फोन अजून आहे, हे यंत्राला वेगळं सांगावं लागलं! नंबर शोधल्याने फोन नाहीसा होत नाही, हे आपल्याला सांगावं लागत नाही. यंत्राला लागतं. जगात एक गोष्ट घडली की उरलेल्या असंख्य गोष्टी होत्या तशाच राहतात, आणि 'होत्या तशाच' हे वाक्य लिहिणं सगळ्यात अवघड असतं. तत्त्वज्ञांनी या अडचणीवर पुढे पुष्कळ शाई खर्च केली.

ही नुसती तत्त्वज्ञानाची चैन नव्हती. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या थेराक-२५ नावाच्या यंत्राने ६ रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरणं दिली. त्यातले काही दगावले. एका प्रकारात असं झालं, की यंत्र चालवणाऱ्या व्यक्तीने आधी एक अक्षर चुकीचं टाकलं आणि लगेच दुरुस्त केलं. पडद्यावर दुरुस्ती दिसली. यंत्राच्या आतली जुळवाजुळव मात्र त्या दुरुस्तीप्रमाणे झालीच नाही. पडदा एक सांगत होता आणि आत दुसरंच होतं. जुन्या यंत्रात असा घोटाळा झाला तर किरण थांबवणारी वेगळी यांत्रिक अडसर-व्यवस्था होती. नव्या यंत्रात तो भार बराचसा प्रोग्रॅमवर सोपवला होता. उत्तर बरोबर दिसतंय ना, एवढ्यावर विसंबलं की काय होतं, त्याचं हे उदाहरण आज जगभर शिकवलं जातं.

१९९७ साली केंट बेक आणि एरिक गामा हे दोघे झुरिकहून अटलांटाला विमानाने निघाले होते. वाटेत त्यांनी जावा भाषेतल्या प्रोग्रॅमांसाठी चाचण्या लिहिण्याचं एक साधन तयार केलं. जेयुनिट हे त्याचं नाव. सगळी ठाम विधानं खरी निघाली की पडद्यावर हिरवी पट्टी, एक जरी खोटं निघालं तरी लाल. अशा चाचण्या लिहिणं हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा रोजचा परिपाठ होण्यात या साधनाचा मोठा वाटा आहे.

हिरवं आणि लाल. भाच्याने ती पट्टी मला त्याच्या लॅपटॉपवर दाखवली, तेव्हा मला आठवली ती गडचिरोलीतल्या दाईच्या हातातली मण्यांची पाटी. इथून आपण आपल्या मुलखात येऊ.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा मी शाळेत होतो. आमच्यासाठी गडचिरोली म्हणजे वैनगंगेपलीकडचं जंगल, तेंदूपत्ता, बांबू आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते. १९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग तिथे काम करायला आले आणि 'सर्च' ही संस्था उभी राहिली. तेंदूपत्ता साठवायच्या एका गोदामात त्यांनी संशोधनाचं काम मांडलं. आपल्यातल्या बहुतेकांना ते दारूबंदीमुळे किंवा पुस्तकांमुळे ठाऊक आहेत. त्यांनी मोजमाप कसं केलं, याकडे आपलं लक्ष जरा कमी गेलं आहे.

लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे मिनिटाला श्वास किती. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्याचे ५० किंवा जास्त श्वास असतील तर धोका. पण गावातल्या दाईला इतकी मोजदाद करता येत नव्हती आणि तिच्याकडे घड्याळही नव्हतं. म्हणून एक साधं उपकरण बनवलं गेलं. एका बाजूला मिनिटभर गळणारी वाळू, दुसऱ्या बाजूला तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. आधीचे मणी हिरवे, शेवटचा लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया. कुठली मोठी बेरीज नाही, कागद नाही, वाद नाही. विमानात बसून लिहिलेल्या त्या पट्टीच्या कितीतरी आधी आमच्याकडे दाईच्या मांडीवर हिरव्या-लाल रंगांचं ठाम विधान चालू होतं.

त्यानंतरचा प्रयोग नवजात बाळांचा. १९९३ ते १९९८ या काळातला. ३९ गावांत गावातल्याच बाईला प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत केलं. ती घरोघरी जाऊन जन्मलेल्या बाळाची काळजी घेणार, वजन करणार, ऊब देणार, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देणार. शेजारच्या ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था राहणार. दोन्हीकडचे जन्म आणि मृत्यू सारख्याच काटेकोरपणे नोंदवायचे.

पहिली गोष्ट म्हणजे, कामाला हात घालण्याआधी दोन वर्षं नुसती नोंद झाली. दर हजार जिवंत जन्मांमागे महिन्याच्या आत किती बाळं जातात? प्रयोगाच्या गावांत ६२, तुलनेच्या गावांत जवळपास ५८. ही आधीची पाटी. मग काम सुरू झालं. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतला आकडा २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता, म्हणजे तिथे काही हललं नव्हतं. ती ४७ गावं नसती, तर कुणीही म्हणालं असतं की पाऊस चांगला झाला, रस्ते आले, जमाना सुधारला, म्हणून मृत्यू कमी झाले.

डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. त्यात नवजात मृत्यूंच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे आहेत. मी डॉक्टर नाही. पण भाच्याचं बोलणं ऐकल्यानंतर मी ते दोन आकडे नव्या नजरेने वाचले.

समजा, एखाद्याला शंका आली की बाळं वाचली नाहीत, फक्त त्यांचं मरण पुढे ढकललं गेलं. पहिल्या महिन्यात वाचवलेलं अशक्त बाळ चौथ्या महिन्यात गेलं, तर नवजात मृत्यूंचा आकडा सुंदर दिसेल आणि आईची कूस रिकामीच राहील. हे तपासायचं तर वर्षभरातले मृत्यू पाहायला हवेत. ते पाहिले गेले. तुलनेच्या गावांच्या हिशेबाने वर्षाच्या आतले बालमृत्यूही जवळपास ४६ टक्क्यांनी घटले होते.

दुसरी शंका आणखी बारीक. जन्मून लगेच गेलेल्या बाळाला 'मृतजन्म' असं लिहिलं, तर नवजात मृत्यूंच्या रकान्यातून ते बाळ नाहीसं होतं. कुणी खोटेपणा न करताही हे होऊ शकतं. त्यावर उपाय म्हणजे मृतजन्म आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू यांची एकत्र बेरीज. मग बाळ या रकान्यात लिहा की त्या, बेरजेतून सुटत नाही. ती बेरीजही ७१ टक्क्यांनी घटली होती.

मुख्य उत्तर बरोबर आलं, तिथे ही मंडळी थांबली नाहीत. शेजारचे रकाने उघडून पाहिले. ट्यूरिंग यांचा हातचा आणि भाच्याचं तिसरं खातं, दोन्ही मला तिथे भेटले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमध्ये मृत्यूचं प्रमाण उपचार सुरू होण्याआधी १६.६ टक्के होतं, ते २.८ टक्क्यांवर आलं. शाळा थोडीच शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन द्यायचं म्हटल्यावर पुष्कळांच्या भुवया उंचावल्या असतील. त्या भुवयांना उत्तर द्यायला नुसती तळमळ पुरली नसती. आधीची नोंद लागली. पुढे २०११ साली केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांच्या घरभेटींचा कार्यक्रम देशभर घेतला.

इथे मात्र कोड आणि गाव यांच्यातला फरक सांगायला हवा. भाचा म्हणतो, "चाचणीसाठी आम्ही सगळ्या खात्यांची नक्कल करतो, तिच्यावर हवी तेवढी मोडतोड करतो आणि संध्याकाळी ती पुसून टाकतो. खऱ्या खात्याला धक्का लागत नाही." गावाची अशी नक्कल करता येत नाही. त्या ४७ गावांतली बाळं खरी होती. तुलनेच्या यादीतलं प्रत्येक मरण कुणाच्या तरी घरातलं मरण होतं. तिथली नेहमीची सरकारी व्यवस्था चालू होती, ती कुणी काढून घेतली नव्हती, हे खरं. तरीही हा आकडा वाचताना मनाला टोचतो आणि टोचलाच पाहिजे. आपण आज ५९.६ असं सहज म्हणतो. त्या आकड्यातल्या घरांचं आपण देणं लागतो. ते फेडायचं तर निदान एवढं करावं, की त्यांच्या दुःखातून मिळालेली शिस्त विसरू नये.

शेजारचा रकाना न उघडल्यास काय होतं, याचा एक दाखला बांबूचा आहे. बांबू हा चंद्रपूर-गडचिरोलीचा जीव. बल्लारपूरचा कागद कारखाना पिढ्यानपिढ्या त्यावर चालला. पण मी सांगतोय ती गोष्ट आपल्या सीमेपलीकडच्या कारवार भागातली, कारण तिथे ती नीट अभ्यासली गेली. कागद कारखान्यासाठी तोडल्या जाणाऱ्या बांबूची बेटं का खालावताहेत, हे पुण्याचे माधव गाडगीळ १९७० च्या दशकात तिथल्या जंगलात पाहत होते. तोड करणारे बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी झाकण साफ करत. बेट मोकळं झालं की वाढ चांगली होईल आणि तोडही सोपी होईल, अशी समजूत. गावकरी म्हणाले, साहेब, ते काटेच तर कोवळ्या कोंबांची राखण करतात. पाहिलं तर तसंच होतं. काटे गेले की कोंब गुराढोरांच्या आणि रानातल्या जनावरांच्या तोंडी पडत. तोडलेल्या बांबूंची मोजणी चोख होती. पुढच्या वर्षी येऊ घातलेल्या कोंबांचा रकाना वहीत नव्हता.

या गोष्टीत एक शिकवण लपलेली आहे. शेजारी काय मोजायचं, हे काम करणाऱ्यापेक्षा तिथे राहणाऱ्याला जास्त कळतं. कारखान्याच्या माणसाला बांबू दिसत होता, गावकऱ्याला कोंब. भाच्यालाही मी विचारलं, की काय काय तपासायचं हे तुला कोण सांगतं? म्हणाला, "मामू, जो रोज ते वापरतो त्याच्याशी बोलल्याशिवाय अर्धी यादी सुचतच नाही."

चाचणीचा आणखी एक रोग असतो. कधीच नापास न होणारी चाचणी. भाचा सांगतो, की काही चाचण्या लिहिलेल्या असतात, पण त्यांत ठाम विधानच नसतं. प्रोग्रॅम चालला, संपला, पट्टी हिरवी. असल्या हिरव्या पट्टीची त्याला लाल पट्टीहून जास्त भीती वाटते. आपल्याकडे याचा अनुभव बालमृत्यूंच्या सरकारी नोंदींत आला. २००१ साली महाराष्ट्रातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून आपापल्या भागातले बालमृत्यू गावोगाव जाऊन मोजले. 'कोवळी पानगळ' या नावाने तो अहवाल प्रसिद्ध झाला. सरकारी दफ्तरात दिसत होते त्याहून कितीतरी जास्त मृत्यू प्रत्यक्षात होत होते. बाळ गेलं होतं, पण कागदाला त्याची खबर नव्हती. पुढे राज्य सरकारने बालमृत्यूंचं मूल्यमापन करायला समिती नेमली आणि डॉ. अभय बंग तिचे अध्यक्ष झाले. मोजल्याने मरण थांबत नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण न मोजलेलं मरण थांबवायला कुणी निघतसुद्धा नाही.

आता थोडं आजच्या काळाकडे पाहू. १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून झाली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. त्या सहा वर्षांत चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात मी या विषयावरचे किती वाद ऐकले असतील! एक म्हणे, बायकांना सुख लागलं. दुसरा म्हणे, चोरटी दारू घरोघर पोचली. एक सांगे, भांडणं कमी झाली. दुसरा सांगे, पोरं दारूच्या पिशव्या पोचवायला लागली. बंदी बरी की वाईट, यात मी आज पडत नाही. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य असेल. माझ्या कानाला खटकत होतं ते असं, की वाद घालणाऱ्यांपैकी 'बंदीच्या आधी आमच्या वॉर्डात हे असं होतं, ते मी लिहून ठेवलंय' असं म्हणणारा मला एकही भेटला नाही. प्रत्येकाकडे नंतरची गोष्ट होती, आधीची पाटी कुणाकडेच नव्हती. मग ज्याचा आवाज मोठा, त्याचं म्हणणं खरं.

हीच गत इतर कामांची. तलावाचं खोलीकरण झालं, फलक लागला, फोटो निघाला. काम पूर्ण. पण त्या तलावातले मासे धरून पोट भरणाऱ्या ढिवर कुटुंबांचं काय झालं? रस्ता रुंद झाला, पण पावसाचं पाणी आधी कुठून वाहायचं आणि आता कुणाच्या घरात शिरतं? वाघ वाढले याचा आनंद मलाही आहे. पण मोहफुलं वेचायला पहाटे जाणाऱ्या बाईची वाट आता कुठून जाते? हे प्रश्न विकासाच्या विरोधातले नाहीत. ५०० रुपये पोचले की नाहीत, याइतकेच ते साधे आहेत. फक्त ते तिसऱ्या खात्याविषयी आहेत आणि त्या खातेदाराला बोलवायची आपल्याला सवय नाही.

ही सवय लागू शकते, याचा पुरावाही आपल्याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार हाती आला. देशात ते नाव गाजलं. पण या हक्काच्या कितीतरी आधीपासून त्या गावात एक अभ्यासगट बसत असे. ग्रामसभेने निर्णय घ्यायच्या आधी त्या विषयाची माहिती काढायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, बोलायचं, ऐकायचं, आणि मग सर्वांच्या संमतीने ठरवायचं. त्यात घाईला वाव नाही. पण शेजारचा रकाना उघडायला वेळ मिळतो.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. तिला पैसा लागत नाही. आपल्या गावाची ग्रामसभा, सहकारी सोसायटी, शाळेची समिती, मोहल्ल्याची कमिटी, जिथे कुठे एखादं काम मंजूर होतं, तिथल्या कार्यवृत्ताच्या वहीत ठरावाखाली दोन रकाने आखावेत. पहिल्यात लिहावं, या कामाने काय बदललं पाहिजे. दुसऱ्यात लिहावं, या कामाने काय बदलता कामा नये. आणि दोन्हींसमोर आजची स्थिती लिहावी, आकड्यात, तारखेसह. विहिरीचं पाणी आज किती हातांवर आहे. शाळेत आज किती मुली येतात. दुसरा रकाना भरताना सभेतल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला विचारावं. वर्षाने ती वही उघडावी. हिरवं निघालं तर आनंद. लाल निघालं, तर कुणाला फाडून खायचं नाही. कुठे बिघडलं ते वेळेवर कळलं, एवढ्यासाठीच ते लिहिलं होतं.

दाईला तो लाल मणी कधीच आवडला नसेल. पण वाळू संपायच्या आत तो सरकला, की ती औषधाला हात घालत असे.